अंगणवाडीतील विज्ञान आणि सेविकांची तयारी



शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने अंगणवाडीतील विज्ञानावर व्याख्यान द्यावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. कामगार कार्यकर्त्याने बोनसवर बोलावे, करारावर बोलावे, फार तर महागाईवर बोलावे, अशी समजूत असते. परंतु कामगारालाही मुले असतात. पहिल्या पाळीचा भोंगा होतो तेव्हा बाप भट्टीवर असतो, आणि पुष्कळ घरांत आईही कोअर शॉपमध्ये किंवा कुणाच्या घरी धुण्याभांड्याला गेलेली असते. तीन ते सहा वर्षांचे मूल सकाळचे काही तास अंगणवाडीच्या बाईंच्या स्वाधीन असते. त्या बाईंची तयारी कशी होते, हा प्रश्न पगारवाढीच्या प्रश्नाइतकाच आपला आहे. म्हणून हा विषय मी घेतला.

माझे म्हणणे थोडक्यात आधीच सांगून टाकतो. लहान मुलांनी हाताने करून विज्ञान शिकावे असे वाटत असेल, तर त्यांच्या बाईंनीही ते हाताने करूनच शिकले पाहिजे. भाषण ऐकून आलेली बाई मुलांना भाषणच देणार. आणि बाईंना असे शिकायचे असेल, तर त्यांना वेळ, साहित्य आणि कामगार म्हणून हक्क, या तीन गोष्टी मिळाल्या पाहिजेत. पुढचे सर्व विवेचन या दोन वाक्यांचे स्पष्टीकरण आहे.

तीन वर्षांच्या मुलाचे विज्ञान

‘तीन वर्षांच्या पोराला कसले विज्ञान? त्याला आधी ए बी सी डी येऊ द्या,’ असे आमचे कामगार बंधूच मला म्हणतात. यात दोष त्यांचा नाही. विज्ञान म्हणजे जाड पुस्तक, काचेच्या नळ्या आणि पाठ करायच्या व्याख्या, असेच आपल्या शाळांनी आपल्याला दाखवले आहे.

वस्तुतः विज्ञानाचा आरंभ फार साधा आहे. नीट पाहणे, दोन गोष्टींतला फरक ओळखणे, पुढे काय होईल याचा अंदाज करणे, करून पाहणे आणि काय झाले ते सांगणे, एवढाच तो आरंभ होय. रांगणारे मूल वाटी खाली टाकते, आवाज ऐकते, पुन्हा टाकते. आई वैतागते; मूल मात्र वाटी दर वेळी खालीच जाते का, ते तपासत असते. म्हणजे जिज्ञासा शिकवावी लागत नाही. ती मारली जाऊ नये आणि तिला थोडी शिस्त लागावी, एवढेच बाईंचे काम.

कोल्हापुरात मिसळीमुळे मोड आलेली मटकी घराघरांत असते. अंगणवाडीत तीन वाट्या घ्या. पहिल्या वाटीत कोरडी मटकी ठेवा. दुसरीत रात्रभर भिजवून पाणी काढलेली मटकी ओल्या फडक्यात बांधून ठेवा. तिसरीतही तशीच भिजवलेली मटकी ठेवा, पण फडके न बांधता ती उघडी राहू द्या. मुलांना विचारा, कोणत्या वाटीला मोड येतील? कोणी काहीही सांगेल. सर्वांचे ऐकून घ्या. दुसऱ्या दिवशी पाहा, तिसऱ्या दिवशी पाहा. कोरडी मटकी आहे तशीच राहते. फडक्यातली मोडावते. उघडी मटकी वरून वाळते आणि तिला कमी मोड येतात, किंवा येतच नाहीत. ओलाव्याचे काम मुलाने डोळ्यांनी पाहिले. ‘अंकुरण’ हा शब्द त्याला आज नाही आला तरी बिघडत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते पाहायचे, हा प्रयोगाचा मुख्य नियम मात्र त्याच्या अंगवळणी पडू लागला.

दुसरे उदाहरण पाण्याचे. परातीत पाणी घ्या. स्टीलचा चमचा टाका, तो बुडतो. स्टीलची वाटी अलगद ठेवा, ती तरंगते. मातीचा गोळा बुडतो. त्याच मातीची पातळ वाटी केली तर ती तरंगू शकते. सालीसकट संत्रे तरंगते, सोललेले बुडते. साल काढल्यावर संत्रे हलके झाले, मग ते बुडाले कसे? इथे मोठी माणसेही थबकतात. सालीत पुष्कळ हवा कोंडलेली असते, हे उत्तर आहे. परंतु चार वर्षांच्या मुलाला ते लगेच सांगून टाकण्याची घाई नको. थबकणे हीच त्या दिवसाची कमाई आहे.

हात कसा शिकतो

आता बाईंच्या तयारीकडे वळू. आमच्या फौंड्रीतला मोल्डर कसा तयार होतो, ते आधी पाहा. मोल्डिंगच्या वाळूत पाणी किती असावे, हे प्रयोगशाळेत मोजता येते आणि मोजलेही जाते. पण जुना मोल्डर मूठभर वाळू घेतो, दाबतो, मूठ उघडतो. बोटांचे ठसे स्वच्छ उठले, गोळा मोडल्यावर कडा नीट राहिल्या आणि तळहाताला वाळू चिकटली नाही, तर तो ‘चालेल’ म्हणतो. पाणी जास्त झाले तर ओतताना वाफ कोंडते आणि कास्टिंगमध्ये पोकळ भोके राहतात. कमी झाले तर साचा ढासळतो. हे ज्ञान नव्या पोराला फळ्यावर शिकवून येत नाही. तो जुन्या माणसाच्या शेजारी उभा राहतो, मूठ दाबतो, चुकतो, पुन्हा दाबतो. सरकारनेही १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला तो याच विचाराने, की हातचे काम कामाच्या जागीच शिकावे लागते.

अंगणवाडी सेविकेचे काम याहून सोपे आहे, असे कोणी समजू नये. मोल्डरच्या हातात वाळू असते. ती उलट प्रश्न विचारीत नाही. सेविकेपुढे वीस-पंचवीस मुले असतात. एक रडते आहे, एक पाणी सांडते आहे, आणि तिसरे विचारते आहे की दगड बुडतो तर होडी का बुडत नाही. त्या क्षणी काय करावे, हे तिला कोणत्या पुस्तकात सापडणार?

बोर्डी ते कोसबाड

हा विचार आपल्याकडे नवा नाही. बालशिक्षणाचा जगातला एक मोठा प्रयोग कामगारवस्तीतच सुरू झाला. डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तो विचार आपल्या बाजूला आणण्यात भावनगरचे गिजुभाई बधेका अग्रेसर होते. तेथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू झाले. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करू लागल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

परंतु शहरातले बालमंदिर खर्चाचे होते. माँटेसरीचे साहित्य सुबक आणि महाग. खेड्यातल्या गरिबाला ते कसे परवडावे? ताराबाई १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेथे त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे, माती, बांबू हेच शिक्षणाचे साहित्य केले. लहान-मोठे लावणे, जड-हलके ओळखणे, खरखरीत-गुळगुळीत चाचपणे, हे सारे त्यावर होऊ लागले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालवली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, बालसेविकांचे शिक्षण तेथे चालत्या बालवाडीला जोडून होत असे. शिकणाऱ्या बाईंसमोर मुले असत. अंगण झाडणे, मुलांना आंघोळ घालणे, साहित्य गोळा करणे आणि शिकवणे हे एकच काम होते. कोसबाडची बिनखर्ची साधने आज सगळे वाखाणतात. पण ती साधने वापरणारी बाई तिथे कशी घडली, इकडे कमी लोकांचे लक्ष जाते.

आपल्या कोल्हापुरातही जवळचे उदाहरण आहे. शिक्षकांना शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढले. ती शाळा प्राथमिक आहे, बालवाडी नव्हे. तथापि मूल अनुभवातून शिकते, आणि शिक्षकानेही मुलांबरोबर रोज शिकले पाहिजे, हे त्यांनी या शहरात करून दाखवले. आणखी एक नाव आम्हा कारखान्यातल्या लोकांना विशेष जवळचे वाटावे असे आहे. अरविंद गुप्ता हे पुण्याच्या टेल्कोमध्ये इंजिनिअर होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. पुढे त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांतून भूमितीचे आकार उभे केले, आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची शेकडो खेळणी केली. ट्रक बांधणाऱ्या कारखान्यातून निघालेल्या माणसाने मुलांच्या हाती विज्ञान दिले.

परदेशांतही अनुभव असाच आहे. फ्रान्समध्ये नोबेल पारितोषिक मिळालेले पदार्थवैज्ञानिक जॉर्ज शारपाक यांनी १९९६ मध्ये तेथील विज्ञान अकादमीच्या साहाय्याने एक चळवळ सुरू केली. तिच्या नावाचा अर्थ ‘पिठात हात’ असा होतो, म्हणजे कणीक स्वतः मळून पाहा. वैज्ञानिक आणि विद्यार्थी तेथे शिक्षकांच्या मदतीला वर्गात जातात. जर्मनीत २००६ पासून एका संस्थेने बालवाडीच्या शिक्षकांना असेच प्रशिक्षण देण्याचे काम अंगावर घेतले.

प्रशिक्षण कसे असावे

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी शालापूर्व शिक्षण ही एक. बाकीच्या पोषण आणि आरोग्याच्या आहेत. शिक्षण ही सेवा कागदावर प्रथमपासून होती, प्रत्यक्षात ती मागे पडली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा आणि इतरांना वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला. १० मे २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम जाहीर केला. त्यात रोज किमान दोन तास शिक्षण आणि स्थानिक वस्तूंतून केलेली खेळणी यांवर भर आहे. हे पाऊल योग्य दिशेचे आहे.

परंतु सेविकांच्या वाट्याला यात तीन दिवसांचे प्रशिक्षण येते, आणि ते वरून खाली पाझरत येते. वरचे तज्ज्ञ प्रशिक्षकांना शिकवतात, ते प्रशिक्षक सेविकांना. आमच्या धंद्यात वितळलेले लोखंड एका लॅडलमधून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात ओतले, तर दर वेळी थंड होते. शेवटच्या साच्यात ते पुरते भरत नाही, किंवा दोन बाजूंनी आलेला रस एकजीव होत नाही. कास्टिंग वरून बरे दिसते आणि ठोक्याला फुटते. प्रशिक्षणाचेही असेच होते. शेवटच्या सेविकेपर्यंत शब्द पोहोचतात, त्यांतली ऊब वाटेत गेलेली असते.

यावर उपाय कोणते? मला चार दिसतात.

पहिला, वर्गात खुर्च्यांच्या रांगा नकोत. चार-चार सेविकांसमोर पाण्याची परात, माती, संत्रे, करवंटी, खिळा, टोपण ठेवावे. आधी त्यांनी स्वतः अंदाज करावा आणि करून पाहावे. सोललेले संत्रे बुडाल्यावर ज्या बाईला स्वतःला नवल वाटले, ती मुलांचे नवल दाबून टाकणार नाही. ‘मला ठाऊक नाही, आपण पाहू’ हे वाक्य बाईंच्या तोंडी कमीपणाशिवाय आले, म्हणजे अर्धे प्रशिक्षण झाले.

दुसरा, प्रश्न विचारण्याचा सराव. ‘लोखंड बुडते ना?’ हा प्रश्नच नव्हे, त्यात उत्तर देऊन ठेवले आहे. ‘काय होईल?’, ‘तुला असे का वाटते?’, ‘आता हे बदलले तर?’ असे विचारावे, आणि विचारून थांबावे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांत प्रत्यक्ष मोजून दाखवले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंदांना पैसा लागत नाही. सराव मात्र लागतो.

तिसरा, प्रशिक्षण एकदाच उरकू नये. महिन्यातून एकदा शेजारच्या पाच-सहा अंगणवाड्यांच्या सेविकांनी एका अंगणवाडीत जमावे. एकीने मुलांबरोबर प्रयोग करावा, बाकीच्यांनी पाहावे, नंतर तासभर चर्चा करावी. पर्यवेक्षिकेनेही त्या दिवशी रजिस्टर तपासू नये, मुलांमध्ये बसावे. आणि मदतनीस ताईंना यात घेतलेच पाहिजे. सेविका एका गटाजवळ बसते तेव्हा उरलेली मुले त्यांच्याकडेच असतात.

चौथा, सुरक्षितता. हे मी कारखान्यातला माणूस म्हणून आग्रहाने सांगतो. मुलाच्या तोंडात मावेल असा लोहचुंबक अंगणवाडीत नसावा. दोन चुंबक गिळले गेले तर पोटात आतड्याला जखम करतात. चिंचोके आणि मणी नाकाकानांत जातात, म्हणून ते बाईंच्या नजरेसमोरच वापरावेत. पाण्याची परात काम संपताच रिकामी करावी. आणि फौंड्रीतली टाकाऊ वाळू फुकट मिळते म्हणून मुलांना खेळायला कधीही देऊ नये. तिच्यात सिलिकाची बारीक धूळ असते, कोअरमध्ये वापरलेल्या रसायनांचे अंश असतात. ती धूळ आमच्या छातीत जाते तेवढी पुरे.

विषय कोणते घ्यावेत, याची चिंता नको. ते भोवताली पडले आहेत. गूळ पाण्यात विरघळतो आणि वाळू का विरघळत नाही? अंगणातल्या खांबाची सावली सकाळी कुठे होती, दुपारी कुठे गेली? खडूने रेघ मारून ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि शिरोलीजवळ वाहतूक थांबली. पावसाळा आला की राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण सारे विचारतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. मुलांनी सरळ उभ्या बरणीत पावसाचे पाणी साठवावे, रोज पट्टीने रेघ मारावी, काल जास्त पडला की आज ते सांगावे. नदीकाठच्या मुलाला मापाची ओळख याहून चांगली कशी होणार?

अडचणी कुठे आहेत

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, सेविकांनी मनावर घेतले की झाले. तसे नाही. एका अंगणवाडीत मी साहित्याची पेटी पाहिली. ती कपाटात कुलपात होती. सेविका म्हणाल्या, ‘फुटले तर भरून कोण देणार? नोंद माझ्या नावावर आहे.’ त्यांचे काय चुकले? कारखान्यात ड्रिल झिजले तर कामगाराच्या पगारातून कापीत नाहीत. वापरले म्हणजे झिजणारच. मुलांच्या साहित्याचीही काही मोडतोड गृहीत धरली पाहिजे, आणि ते पुन्हा घेण्यासाठी थोडी रक्कम सेविकेच्या हाती असली पाहिजे.

दुसरी अडचण वेळेची. वजन, आहार, लसीकरण, गृहभेटी आणि मोबाईलवरील नोंदी यांत सकाळ निघून जाते. पुन्हा सर्वेक्षण निघाले की आधी सेविकाच आठवते. जिच्या हातात सतत मोबाईल आहे, तिने मुलाच्या हातातल्या शिंपल्याकडे केव्हा पाहावे?

तिसरी अडचण मूळ प्रश्नाची. सेविकेला पगार नाही, मानधन आहे. सरकारच्या लेखी ती मानसेवी. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला, आणि शालापूर्व शिक्षण हे त्यांचे काम आहे याचीही दखल घेतली. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविकांना मानधनवाढ आणि इतर मागण्यांसाठी दीर्घ संप करावा लागला. संपाच्या दिवसांत ‘मुलांचे नुकसान होते’ असे अनेकांनी म्हटले. नुकसान होत होते हे खरे. म्हणजेच त्या बाई महत्त्वाचे काम करतात हेही खरे. मग उरलेल्या वर्षभर ते कोणाला का आठवत नाही? प्रशिक्षणाचे दिवस कामाचे दिवस धरावेत, प्रवासखर्च वेळेवर द्यावा, पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमाचा मोबदल्यात विचार व्हावा. कुशल कामगाराला वेगळा दर असतो, हे तत्त्व आम्ही कारखान्यात मान्य करून घेतले आहे. अंगणवाडीत ते का चालू नये?

आपण काय करू शकतो

सर्व काही सरकारवर टाकून घरी जावे, असे मला सुचवायचे नाही. या गावात पॅटर्नमेकर आहेत. लाकडाचे जड-हलके ठोकळे, उताराची फळी, तराजू ते सुट्टीच्या दिवशी सहज करून देतील. फक्त कडा घासून गुळगुळीत कराव्यात आणि रंग बिनविषारी असावा. महाविद्यालयांतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक सकाळ अंगणवाडीत द्यावी. शिकवायला नव्हे, बाईंच्या हाताखाली मदत करायला. कारखानदार मंडळी समाजकार्यासाठी निधी काढतात. त्यांनी भिंतीवर नाव रंगवण्यापेक्षा चार अंगणवाड्यांना नळाचे पाणी आणि सावलीचे अंगण द्यावे. पाणी आणि अंगण नसेल, तर आज सांगितलेल्या प्रयोगांपैकी फार थोडे होऊ शकतील.

पालकांनी एवढेच करावे. मूल घरी आल्यावर ‘आज काय खाल्ले?’ याबरोबर ‘आज काय करून पाहिले?’ असेही विचारावे. हा प्रश्न महिनाभर घरोघर विचारला गेला, तर त्याचा आवाज अंगणवाडीपर्यंत, आणि तिथून वरच्या कचेरीपर्यंतही पोहोचेल.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. गरिबाचे मूल शाळेच्या दारात आणण्याचे काम तेव्हा सुरू झाले. आज ते मूल सहा वर्षांच्या आधीच अंगणवाडीच्या दारात येऊन उभे आहे. आत त्याची वाट पाहणाऱ्या बाईंच्या हाती काय असावे, ते ठरवण्याची जबाबदारी आपली आहे. येत्या जूनमध्ये पावसाळा सुरू होईल. त्यापूर्वी आपापल्या वस्तीतील अंगणवाडीत एकदा जावे, बाईंना काय हवे ते विचारावे, आणि पावसाच्या मापासाठी एक सरळ उभी बरणी तरी देऊन यावे, अशी विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.